उष्टा पाव

मी कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे हाताळतो, म्हणूनच जेवताना कुणी तोंड उघडं टाकून चावायला लागलं की माझं जेवण तिथंच संपतं. उष्टं खाणं तर लांबच राहिलं. "दादा, तुझ्या या सोवळेपणापायी तुला खांदा द्यायलाही माणसं भाड्याने आणावी लागतील," असं धाकटी बहीण म्हणते. ती थट्टेने म्हणते, पण मित्र म्हणावा असा एकही माणूस मला नाही, हे खरंच आहे. आणि ते सलतं.

म्हणून यंत्रांच्या प्रदर्शनासाठी परगावी गेलो, तेव्हा हॉटेल टाळून मुद्दाम प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये खाट घेतली. खोलीत ओल्या मोज्यांचा वास होता. बेसिनवरच्या साबणाला कुणाचे तरी केस चिकटले होते. पण खोलीतली माणसं लाघवी निघाली. सुट्टीवर आलेली एक नर्स, एक ट्रक ड्रायव्हर, आणि सगळे ज्याला मामा म्हणत तो थुलथुलीत म्हातारा. तिघांचीही ओळख या हॉस्टेलमध्येच झालेली. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला 'अहो'वरून 'अरे'वर आणलं. मला फार बरं वाटलं.

रात्री त्यांनी मला फिरायला नेलं. बस डेपोमागच्या गल्लीत खाण्याची एक गाडी होती. तेल काळं पडलेलं, पुसायचं फडकं त्याहून काळं. मामाने चौघांत मिळून एकच लांब पाव घेतला.

"एकच?" मी विचारलं.

"आपल्यात उष्टं-बिष्टं नसतं रे," म्हणत मामा हसला. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. नुसत्या गुलाबी हिरड्या आणि त्यांवर लाळेची तार. मला शिसारी आली.

नर्सने घास घेऊन पाव ड्रायव्हरला दिला. त्याने चावून मामाकडे सरकवला. प्रत्येक तोंडातून जास्तच ओला होत तो पाव माझ्याकडे येत होता. लक्ष दुसरीकडे वळवायचं म्हणून मी धंद्याच्या सवयीने चाव्यांच्या खुणा बघू लागलो.

नर्सच्या चाव्यात वरचा एक दात आत वळलेला होता आणि शेजारी फट होती. पण नर्सचे दात मी दिवसभर पाहत होतो, एका ओळीत बसवल्यासारखे. ड्रायव्हरचे तंबाखूने झिजून खुंट झालेले. तरी त्याच्या चाव्यातही तोच वळलेला दात होता, तीच फट.

मामाने पाव तोंडाला लावला. हिरड्यांनी पाव चेपला जातो, तुटत नाही. त्याचा मात्र स्वच्छ तुटला. त्याच खुणेने.

"घे की," नर्स म्हणाली.

"मला भूक नाही."

"लाजतोस कुणाला? हसतील त्यांचे दात दिसतील," मामा म्हणाला.

मी हात पुढे केला नाही. ते रागावले नाहीत, नुसते हिरमुसले. "चला," ड्रायव्हर म्हणाला, "नसेल त्याला आपल्यात यायचं."

ते पाठ फिरवून चालू लागले. आता ही रात्रही भिंतीकडे तोंड करून काढायची होती, आणि पुढच्याही सगळ्या. मी हाक मारून पाव मागून घेतला. श्वास रोखून त्या ओल्या कडेवरच चावलो आणि कसाबसा घास घशाखाली ढकलला. कोमट होता.

तिघांनी टाळ्या वाजवल्या. मामाने पाठ थोपटली.

मी पाव दिव्याखाली धरला.

वरचा एक दात आत वळलेला. शेजारी फट.

माझी वरची कवळी मीच बनवलेली आहे. तिच्यात एकही दात वाकडा नाही.

हॉस्टेलवर येताच मी बाथरूमची कडी लावली. कवळीचं मी सख्ख्या बहिणीलाही कळू दिलेलं नाही. ती काढून नळाखाली धरली. तिला पावाचा कणसुद्धा चिकटला नव्हता.

घशात बोटं घातली. ओकारी आली नाही.

कवळी पुन्हा बसवायला गेलो. बसेना. जोर लावला तशी हिरडीत कळ उठली.

जिभेने चाचपून पाहिलं. काहीतरी टोकदार होतं. आत वळलेलं.

दाराबाहेरून मामा मायेने म्हणाला, "ओढाताण नको करूस रे. राहू दे ती कवळी. आता लागायची नाही तुला."