तळ्याचा तळ दिसला तेव्हा

शाळेच्या तळ्यातले सगळे मासे सकाळी पोटं वर करून तरंगत होते, आणि प्रार्थना संपायच्या आत विज्ञानाच्या बाईंनी गुन्हेगार जाहीरही करून टाकला होता.

माइकवरून. अख्ख्या शाळेसमोर.

“ज्यांच्या डोळ्यांत आपलं तळं खुपत होतं, त्या शिपाईमामांनीच हे केलंय!”

मामा माइकच्या शेजारीच उभे होते. रोज माइक लावायचं काम त्यांचंच. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं, मग मान खाली घातली.

तसा संशय अगदीच हवेतला नव्हता. तळं पर्यावरण मंडळाचं, मंडळ बाईंचं. मुलांनी खड्डा खणला, फरश्या लावल्या, मासे सोडले. मामा मात्र परवाच शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमक्ष म्हणाले होते, “डास फार झालेत. एक दिवस ओततोच त्यात तेल.” आणि आज पंपाच्या खोलीमागे काळ्या तेलाचा अर्धा डबा सापडला होता. उद्या पर्यावरणाच्या बक्षिसाचे परीक्षक तळं बघायला येणार होते. बाईंचं डोकं फिरलं, तर नवल नाही.

मोठ्या बाईंनी झटक्यात निकाल लावला. “शाळा सुटेपर्यंत पुरावा पक्का करा. उद्यापासून मामा येणार नाहीत.”

मामांची नोकरी आता बाईंच्या हातात होती.

त्या बाटली घेऊन तळ्यावर गेल्या. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, वास येईल, बाटली भरायची की झालं.

तवंग नव्हता. वास नव्हता. एरवी पाणी इतकं हिरवं, की बुडवलेला हात दिसू नये. आज तळाच्या फरश्या स्वच्छ दिसत होत्या. काठाच्या दगडावर गोगलगायी मरून पडल्या होत्या. आणि कोपऱ्यात, कमळाच्या पानाखाली, डासांच्या अळ्या मजेत वळवळत होत्या.

शेवाळ मरून पाणी इतकं निवळायला एक रात्र पुरत नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

पी. टी.चे सर समोरून येत होते. तळ्याच्या जागी त्यांना व्हॉलीबॉलचं मैदान हवं होतं, हे अख्ख्या शाळेला ठाऊक.

“सर, तुम्ही गेल्या आठवड्यात...”

“मुलांना घेऊन स्पर्धेला गेलो होतो. काल संध्याकाळी परतलो,” सर म्हणाले. “का? आता माझं नाव माइकवर घेताय का?”

बाई पंपाच्या खोलीकडे वळल्या. मामा आपला डबा, छत्री, चष्म्याचं घर पिशवीत भरत होते.

“तेल कशाला आणलंत, मामा?”

“मागच्या गटारात टाकतो. तिथे डास होतात.”

“तळ्यात नाही टाकलं?”

“रागाने बोललो होतो. बोललेलं सगळं माणूस करतो का, बाई?”

“मग सकाळी तसं सांगितलं का नाहीत?”

“माइक तुमच्या हातात होता.”

बाईंनी नजर चुकवली. “मासे कालपर्यंत ठीक होते ना?”

“कुठले! चार-पाच दिवस झाले, मलूल होते. दाणे टाकले तरी वर येत नव्हते.”

“दाणे? तुम्ही टाकता?”

“सुट्टीच्या दिवशी कोण टाकणार?” मामा पिशवीची गाठ मारत म्हणाले. “पोरांनी हौसेने आणलेत. उपाशी कसे ठेवायचे?”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तडक प्रयोगशाळेत आल्या. बेसिनखाली मंडळाची बादली होती, हिरव्या फितीची. मंडळाचा पहिला नियम बाईंनी स्वतः फळ्यावर लिहिला होता: थेंब म्हणजे थेंब, मोरीत एकही नाही. शाळेतल्या प्रत्येक नळाखाली अशी बादली. भरली, की तळ्यात. ज्याची बादली जास्त वेळा भरेल, त्याला शनिवारी बिल्ला. महिनाभर बिल्ला एकाच मुलीच्या खांद्यावर होता. ती मंडळाची कॅप्टन, आणि तिच्याकडे प्रयोगशाळेची बादली.

बादलीच्या आत निळसर कडं धरलं होतं. बाईंनी ते परवाही पाहिलं होतं. पोस्टरचा रंग असेल, म्हणून सोडून दिलं होतं. आता त्यांनी तळाशी उरलेलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात अमोनिया टाकला.

पाणी गडद निळं झालं.

शाळा सुटायच्या जरा आधी मोठ्या बाईंच्या खोलीत चौघं होते. मोठ्या बाई खुर्चीत, मामा दाराशी, कॅप्टन भिंतीला टेकून. बाई उभ्याच होत्या.

“मामांनी काही केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “डासांसाठी तेल ओतलं असतं, तर आधी अळ्या मेल्या असत्या. त्या जिवंत आहेत. मेले ते मासे, गोगलगायी आणि शेवाळ. म्हणून तर पाणी निवळलं. या तिन्हींना मारतं ते मोरचूद; अमोनिया टाकल्यावर गडद निळं होतं, तेही तेच. आणि हे एका रात्रीचं काम नाही, मासे चार-पाच दिवस आजारी होते.”

“मोरचूद शाळेत कुठून आलं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“माझ्याच प्रयोगशाळेतून. गेला आठवडाभर नववी मोरचुदाचे खडे बनवतेय. भांडी विसळलेलं पाणी बेसिनखालच्या बादलीत गेलं. बादली तळ्यात गेली.”

कॅप्टन रडायला लागली.

“तू ओतलंस ना?” बाईंनी हळूच विचारलं.

“हो. पण मी विचारलं होतं, बाई. सभेत. लॅबचं पाणीसुद्धा का? तुम्ही म्हणालात, थेंब म्हणजे थेंब, फाटे फोडू नकोस.”

बाईंना आठवेना. मग आठवलं. सगळे हसले होते आणि त्यांना आपण छान बोललो असं वाटलं होतं.

“आज सकाळी का नाही सांगितलंस?”

“सांगणारच होते. तेवढ्यात तुम्ही माइकवर मामांचं नाव घेतलंत. मग... तुम्हाला खोटं पाडायचं कसं?” ती मामांकडे वळली, पण तिच्याने वर बघवेना. “मामा, मी गप्प बसले.”

पिशवी मामांच्या हातातच होती.

“गुन्हेगार हवा होता ना तुम्हाला?” बाई मोठ्या बाईंना म्हणाल्या. “बादली मी ठेवली. नियम मी केला. विचारणाऱ्या मुलीला मीच गप्प केलं, आणि बिल्लाही मीच दिला.”

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. “बरं, झालं ते झालं. मामा, उद्या नेहमीसारखे या. आणि बाई, हे या खोलीतच राहू दे. परीक्षक प्रार्थनेलाच येताहेत. बक्षीस जाईल, तुमची शोभा होईल ती वेगळीच.”

क्षणभर बाईंना ते हवंहवंसं वाटलं. याचीही त्यांना लाज वाटली.

“मामांचं नाव मी या खोलीत घेतलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. पहिल्या रांगेत परीक्षक बसले होते. बाई पायऱ्या चढून माइकपाशी आल्या. समोर अख्खी शाळा. कॅप्टनच्या खांद्यावर बिल्ला नव्हता. बाईंनी तोंड उघडलं, पण जीभ रेटेना. चेहरा तापला, कान तापले. आवाज फुटेचना.

मुलांत कुजबुज सुरू झाली.

बाजूने मामा पुढे आले. माइकची दांडी त्यांनी रोजच्यासारखी बाईंच्या उंचीला खाली केली, बोटाने टकटक करून पाहिलं.

“चालू आहे, बाई,” ते म्हणाले. “बोला.”