एका बाजूचा आवाज

फारुक होडेकरचा बर्फाचा कारखाना मिरकरवाड्याला, बंदराच्या रस्त्यावर. खाली दिवसभर लाद्या फुटायच्या, टेम्पो भरायचे, मासळीचा वास भिंतीत मुरलेला. पण जिना चढून वर गेलं की एक खोली होती आणि तिथं टेनिसच्या रॅकेटींशिवाय दुसरं काही नव्हतं. खुंट्यांवर टांगलेल्या, कपाटात उभ्या केलेल्या, आणि मधोमध रॅकेटीत तात ताणून बसवायचं यंत्र. कुवेतहून परत येताना लोक सोनं आणतात, फारुकनं हे आणलं होतं. त्याची बायको रझिया पाहुण्यांना ते यंत्र दाखवून म्हणायची, "माझी सवत."

दर रविवारी दुपारी उन्मेष आठल्ये तिथं यायचा. तो कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. दोघं शाळेपासूनचे मित्र, आणि दोघांच्या हातात पहिली रॅकेट दिली ती एकाच माणसानं, गोपाळकृष्ण गानूंनी. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले गानूकाका संध्याकाळी टेकडीवरच्या जुन्या टेनिस कोर्टवर पोरांना फुकट शिकवत. डावखुरे होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

दोन मित्रांचा वाद ठरलेला. फारुककडे एक काळी, ग्राफाइटची रॅकेट होती. दुकानात मिळते ती नव्हे, स्पर्धांत खेळणाऱ्यांसाठी वेगळी घडवतात त्यातली. जड, कडेला अरुंद, तोल मुठीकडे. कुवेतच्या एका प्रशिक्षकानं ती त्याला दिली होती. "दुकानातली रॅकेट आपल्या चुका झाकते," फारुक म्हणायचा. "ही झाकत नाही. चेंडू चुकीचा लागला की कोपरापर्यंत सांगते." उन्मेष लाकडाच्या बाजूचा. लाकूड वाकतं, चेंडूला जरा वेळ धरून ठेवतं, तेवढ्यात हाताला कळतं की आपण काय करतोय, असं तो सांगायचा आणि कॉलेजातला वजनकाटा आणून दोन्ही रॅकेटींचे तोल काढायचा. सायबर कॅफेत बसून जगभरातल्या असल्याच वेड्यांची भांडणं वाचायचा आणि छापून फारुकला आणून द्यायचा. भांडण मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

२००२ सालच्या डिसेंबरात वासंतीकाकूंनी, म्हणजे गानूकाकांच्या पत्नीनं, दोघांना बोलावून घेतलं. त्यांचं घर कोर्टाला लागूनच, मध्ये फक्त जांभ्या दगडाचा गडगा, कुंपणाची भिंत. पडवीत बसलं की कोर्ट दिसत नसे, आवाज मात्र सगळा ऐकू येई. काकूंनी जुन्या धोतरात गुंडाळलेली रॅकेट पुढे ठेवली. चौकट वाकू नये म्हणून लावतात त्या लाकडी प्रेसमध्ये, चारी स्क्रू घट्ट.

"वैदेही मला अलोऱ्याला घेऊन जायचं म्हणत्ये," त्या म्हणाल्या. मुलगी आणि जावई तिकडे कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत राहत. "मी अजून हो म्हटलेलं नाही. पण ही तुमच्याकडे असू दे. भिंतीवर नका हो टांगू. खेळा हिनं."

उन्मेषनं स्क्रू सोडले. चौकट जराही वाकलेली नव्हती. अ‍ॅश आणि बीचच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीवर एक डकवलेल्या, कडेनं बघितल्या तर पुस्तकाच्या पानांसारख्या. मुठीचं चामडं काळं पडून बोटांच्या जागी खोलगट झालेलं. फारुकनं, ग्राफाइटवाल्या फारुकनं, ती दोन्ही हातांत घेतली आणि चौकटीवरून सावकाश अंगठा फिरवला.

त्याच आठवड्यात त्यानं तिला खऱ्या आतड्याची तात भरली, आणि रविवारी दोघं कोर्टवर गेले.

रीत उन्मेषनंच आखली होती. एकानं दोन्ही रॅकेटींनी आलटून पालटून मारायचं, दुसऱ्यानं समोरून निरखायचं. सकाळीच कोर्टाची देखभाल करणाऱ्या शिवानं पाणी मारून रूळ फिरवलेला, जांभ्याची माती खापरासारखी गुळगुळीत. फारुकनं आधी काळ्या रॅकेटनं सर्व्हिस केली. टणक, कोरडा आवाज. मग लाकडी घेतली. हिचा आवाज मऊ आणि खोल, रिकाम्या लाकडी पेटीवर थाप मारल्यासारखा.

चेंडू टप्पा घेऊन उन्मेषच्या डावीकडे पळाला.

उन्मेष उजवीकडे झुकला होता. फारुक उजव्या हाताचा. उजव्या हातानं कापून मारलेली सर्व्हिस टप्पा पडल्यावर समोरच्याच्या उजवीकडे जाते, उन्मेष हे वर्गात फळ्यावर काढून दाखवायचा. त्यानं पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा डावीकडे. तिसऱ्यांदा तो जवळ येऊन नुसता फारुकचा हात बघत उभा राहिला. हात नेहमीसारखाच फिरला. चेंडू उलटा वळला, डावखुऱ्यानं मारल्यासारखा.

"काय झालं?" फारुकनं विचारलं.

"तात सारखी ताणली गेली नसेल."

"माझ्या यंत्रावर?" फारुकला राग आला. मग त्यानं उन्मेषचा चेहरा पाहिला आणि चेंडू खिशात टाकला. "आज एवढंच पुरे. वारा पण सुटलाय."

वारा समोरून होता. त्यानं चेंडू उलटा वळत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. रॅकेट पुन्हा प्रेसमध्ये घालून उन्मेषनं ती कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवली आणि किल्ली आपल्याकडे. कारण त्यानं फारुकला सांगितलं नाही आणि फारुकनंही विचारलं नाही.

थोड्या दिवसांनी वैदेही आली, थेट कॉलेजात. स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसून तिनं आधी इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग डोळे पुसले.

"आई यायला तयार नाही. म्हणत्ये, बाबा रोज दुपारनंतर खेळतात, त्यांना सोडून कशी येऊ? एरवी सगळं ठीक आहे तिचं. स्वयंपाक करते, पेपर वाचते. फक्त हे एवढंच. उन्मेषदादा, तू फिजिक्स शिकवतोस. तू समजावलंस तर पटेल तिला."

उन्मेषनं होकार दिला. गडग्यावरून आवाज परततो, वारा फिरला की बंदरावरची ठोकठोक वर येते, असं सगळं त्यानं मनात मांडून ठेवलं आणि मधल्या वारी, कोर्टवर कोणी नसतं अशा दिवशी, तो काकूंकडे गेला.

काकूंनी चहा केला, बशीत फणसाचे गरे तळलेले. मुलीनं पाठवलंय हे त्यांनी ओळखलंच होतं. "बोल हो सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी वारा पडू दे."

वारा पडला. माडांची सळसळ थांबली. काकूंनी कप खाली ठेवला आणि बोट वर केलं.

गडग्यापलीकडून आवाज आला. मऊ, खोल. मग शांतता. मग पुन्हा तसाच.

उन्मेषच्या हातात गरा तसाच राहिला. बंदरावरची ठोकठोक नव्हती ती. हा आवाज त्यानं रविवारी ऐकला होता, आणि लहानपणी वर्षानुवर्षं ऐकला होता. पण त्यानं कान दिला तो मधल्या शांततेकडे. चेंडू जाळीपलीकडे जाऊन परत यायला जेवढा वेळ लागावा तेवढीच ती होती. पलीकडे मात्र कोणी चेंडू मारल्याचा आवाज नव्हता. एकाच बाजूचा आवाज.

तो उठला आणि गडग्याच्या वाटेनं कोर्टवर गेला. आवाज थांबला. कोर्ट रिकामं. शिवानं रूळ फिरवलेल्या मातीवर पावलाचा ठसा नव्हता, चिमणीचासुद्धा नव्हता. फक्त पलीकडच्या अर्ध्या भागात, मागच्या रेघेशी, तिथं उभ्या राहणाऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात चेंडूच्या टप्प्यांचे व्रण होते. एकमेकांशेजारी, एकमेकांवर, सगळे त्या एवढ्याशा जागेत. गानूकाका त्याला शिकवताना चेंडू तिथंच टाकायचे. त्याचा बॅकहँड कच्चा होता.

परत येऊन तो पायरीवर बसला. मनात मांडून ठेवलेलं आता कामाचं नव्हतं.

"ऐकलंस ना?" काकू म्हणाल्या. "मला भीती नाही वाटत रे. वाईट वाटतं. जन्मभर ह्यांच्यासमोर कोणी ना कोणी उभं असायचं. तू, फारुक, कुणाकुणाची पोरं. आता एकटेच मारतात." त्यांनी पदरानं बशी पुसली. "मी गेले तर ऐकायलासुद्धा कोणी राहणार नाही."

"काकू, तुम्ही अलोऱ्याला जा," उन्मेष म्हणाला. आपण काय बोलतोय ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. "समोर मी उभा राहतो."

फारुकला सगळं सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "माझी काळी घेऊन जा," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर खेळायचं तर चांगलं हत्यार हवं. मी बाकावर बसतो."

काकू निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, तिघं कोर्टवर आले. उन्मेषनं लाकडी रॅकेट प्रेसमधून काढून अलीकडच्या रेघेवर ठेवली आणि जाळी ओलांडून पलीकडे गेला. काळी रॅकेट हातात घेऊन उभा राहिला. आपण चाळिशीचे, दोन पोरांचे बाप, रिकाम्या कोर्टवर कोणाची वाट बघतोय, असं त्याच्या मनात आलं. बाकावर काकू आणि फारुक हात मांडीवर ठेवून बसले होते, लग्नात बसतात तसे.

वारा पडला.

आवाज आला.

दिसलं काहीच नाही. पण त्याच्या डावीकडे, रेघेजवळ, मातीचा लहानसा धुरळा उडाला.

दुसऱ्या वेळी त्यानं हात फिरवला. हवा कापली गेली.

तिसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले. पाय आपोआप वळले, खांदा आत गेला, आणि काळ्या रॅकेटचा टणक आवाज झाला. धक्का कोपरापर्यंत आला. रॅकेटीत काहीतरी लागलं होतं.

पलीकडून लगेच उत्तर आलं.

मग तो खेळत राहिला. किती वेळ, ते त्याला नंतर सांगता आलं नाही. एकदा काकू हलकेच म्हणाल्या, "बाहेर गेला," आणि पलीकडे कोणीतरी पावलं फरफटत मागच्या रेघेकडे जावं तसा आवाज झाला. फारुक नंतर म्हणाला, रेघेवर ठेवलेली लाकडी रॅकेट जागची हलली नाही, पण तिची तात थरथरत होती. प्रत्येक वेळी.

अंधार पडायच्या आत ते थांबलं. काकू उठल्या, जाळीजवळ आल्या आणि लाकडी रॅकेट ठेवलेल्या रेघेकडे बघत म्हणाल्या, "येते हं मी." दुसऱ्या दिवशी वैदेहीबरोबर गेल्या. लाकडी रॅकेट त्यांनी सोबत नेली, उन्मेषनंच दिली.

त्यानंतर कोर्टवरून काही ऐकू आलं नाही. उन्मेष दोन-तीनदा मधल्या वारी जाऊन उभा राहिला. शिवाचा रूळ, माडांची सळसळ, खालून फेरीबोटीचा भोंगा. त्याला जरा चुकल्यासारखं झालं, पण सुटल्यासारखंही वाटलं. रविवारचा वाद पुन्हा सुरू झाला. फारुक आता लाकडाबद्दल पूर्वीइतकं वाईट बोलत नसे.

मार्चअखेरीस, पेपर तपासायच्या दिवसांत, दुपारी घरचा फोन वाजला. वैदेही होती.

"आईचं छान चाललंय," ती म्हणाली. "जेवते, झोपते. क्वार्टरच्या मागं मोकळं मैदान आहे ना, दुपारी तिथं खुर्ची टाकून बसते. रॅकेट गवतावर ठेवते." ती घुटमळली. "कसं सांगू, दादा. मान सारखी हलत असते तिची. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मॅच बघितल्यासारखी. मी म्हटलं, बाबा आहेत का? तर म्हणत्ये, हो, आणि आता समोर उन्मेष असतो. रोज येतो बिचारा."

उन्मेषनं लाल पेन खाली ठेवलं. सकाळपासून तो त्या खुर्चीतून उठला नव्हता.

"दादा? ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता. वैदेहीच्या आवाजामागे, लांब, अलोऱ्याच्या त्या मैदानावरून दोन आवाज येत होते. एक मऊ, खोल. दुसरा टणक, कोरडा. दोन्हींत काय फरक आहे हे सांगण्यात त्यानं कित्येक रविवार घालवले होते.

"तुला काही ऐकू येतंय का, वैदेही?"

"कुठे? नाही. शांत आहे इथं."

मग फोनमध्ये, जरा दुरून, वासंतीकाकूंचा आवाज आला. मैदानाकडे तोंड करून बोलल्यासारखा.

"अहो, थांबा जरा. तो फोनवर आहे."

दोन्ही आवाज थांबले.