एकाच ठोक्यावर

कतारगामला निघालेल्या शेअर रिक्षात धनश्रीच्या शेजारचा तरुण मांडीवर एक खोका घेऊन बसला होता... तापानं फणफणलेलं मूल घेऊन बसावं तसा. खड्डा आला की तो खोका अलगद उचलायचा आणि स्वतःचं डोकं मात्र छतावर आपटून घ्यायचा.

तिसऱ्या खड्ड्याला धनश्रीला राहवलं नाही. "शुं छे अंदर?" तिनं विचारलं. सुरतेत अनोळखी माणसाशी बोलायची ती गुजरातीतच.

"घडियाळ," तो गंभीरपणे म्हणाला.

"एवढं मोठं? कुणाच्या हाताला बांधणार?"

"एका वायरलेसच्या कारखान्याला. तिथली यंत्रं म्हणे एकमेकांचं ऐकत नाहीत."

धनश्रीचं हसू तिथंच विरलं. ती यंत्रं तिच्याच टेबलावरची होती.

बारडोलीकडच्या एका साखर कारखान्याला उसाच्या ट्रकांसाठी वायरलेस सेट हवे होते. प्रत्येक सेट तपासून सही करायची ती धनश्रीनं. गेल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, सिग्नल सोडणारा जनरेटर एक आकडा सांगतोय आणि तो मोजणारा काउंटर दुसराच. दोघांच्या पोटात आपापलं घड्याळ, दोघं आपापल्या तालात. सह्या तिनं काउंटरच्या भरवशावर केल्या होत्या. तोच चुकीचा निघाला तर सगळा माल परत, आणि तिची नोकरीही गेली. मग कोसाडच्या घरी तिचे वडील, आबा, अमळनेरच्या स्थळाला होकार कळवायला मोकळे! साखर कारखान्याचे साहेब आज दुपारी येणार होते.

तरुणाचं नाव योगेंद्र. बडोद्याच्या कंपनीनं त्याला पाठवलं होतं. कारखान्यात पोचल्यावर, नावापुढे भाई-बेन लावायच्या रिवाजाप्रमाणे शेठ बन्सीलालनी ओळख करून दिली – आ योगेंद्रभाई, आ धनश्रीबेन.

"यात काटे कुठं आहेत?" खोका उघडल्यावर तिनं विचारलं.

"हे वेळ नाही दाखवत, बेन. नुसता ठोका देतं. एका तारेनं तो सगळ्या यंत्रांना पोचवायचा. त्यांनी आपलं घड्याळ विसरून ह्याच्या ठोक्यावर चालायचं."

"आणि नाही चालली तर?"

"तर मला उद्याही थांबावं लागेल." तो किंचित हसला. "थांबेन. इथला चहा छान असतो म्हणे."

"अजून कुणी दिलाय कुठं तुम्हाला?"

तारा जोडून झाल्या. दोघं काउंटरच्या पडद्याकडे बघत राहिले. आकडा स्थिर व्हायचं सोडून उड्या मारत होता... वर, खाली, पुन्हा वर. शेठ दारातून डोकावले, कपाळाला आठ्या घालून परत गेले. बाहेर एखादी गाडी वाजली की धनश्री दचकायची.

"बंद करून पुन्हा सुरू करतो," म्हणत योगेंद्रनं खोक्याच्या बटणाकडे हात नेला.

हे घड्याळ एकदा थंड झालं की तापून नेमकं चालायला दुपार उलटणार! धनश्रीनं त्याचं मनगटच धरलं.

"आरे, काय करी राहिना तू! बंद नको करू त्याले!"

शब्द निसटले आणि तिचे कान तापले. घरची अहिराणी ती कारखान्यात कधीच बोलत नसे. बोललं की लगेच 'लूमवाले का तुम्ही?' असा प्रश्न ठरलेला; खान्देशी म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, असंच सगळे धरून चालायचे. तिनं हात सोडला.

योगेंद्र मात्र जागच्या जागी थिजला होता.

"तू... खान्देशनी शेस?"

"आणि तुम्ही?"

"शिरपूरना शे मी." त्याच्या चेहऱ्यावर सावकाश हसू पसरलं. "सकाळपासून गुजराती जुळवता जुळवता जीव जाई राहिना मना!"

तिलाही हसू आलं, आणि हसता हसताच काहीतरी आठवून ती उठली. यंत्रांच्या मागे वाकून पाहिलं. तिथं एक जुनी तार तशीच होती.

"ही मी जोडली होती, काल," ती हळूच म्हणाली. "जनरेटरच्या घड्याळावर काउंटर चालवून पाहिला. दोघांचे आकडे जुळले... पण मुद्दाम जुळवलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा? तार काढायची राहिली."

म्हणजे काउंटरला दोन तारांनी दोन घड्याळं जोडलेली होती. दोघंही ठोके देत होती आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडत होता. योगेंद्र काय म्हणेल? शेठना सांगेल? आकडे जुळवून घेतले असं लिहून देईल?

"आकडे जुळले तरी गप्प बसली नाहीस," तो म्हणाला, "आणि वर भितेस? काढ ती तार."

तिनं तार उपसली. पडद्यावरचा आकडा एकदा थरथरला आणि थांबला. मग एकेक सेट लावून पाहिला. तिनं सही केलेलेच आकडे! काउंटर खराच होता. चुकत होता तो जनरेटर.

साहेब आले, मोजून बघून, माल पास करून गेले. शेठना तर आनंद आवरेना. त्यात दोघांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं.

"बेऊ खानदेशनां? अरे वाह! तमे तो सगां भाई-बेन नीकळ्यां!"

"नाही!"

दोघंही एकदम ओरडले, एकाच ठोक्यावर. शेठ दचकून चहा सांगायला निघून गेले.

चहा पिताना कोसाडच्या घराच्या, आबांच्या आणि अमळनेरच्या स्थळाच्या गोष्टी निघाल्या. मग योगेंद्र खोका बांधायला लागला. धनश्री सुटलेल्या तारा गुंडाळू लागली.

"आता घड्याळ नेणार. ही दोन यंत्रं उद्यापासून पुन्हा आपापलं बोलणार."

"मग बडोद्याला फोन कर. जुळत नाही म्हणून सांग, मी येतो."

"आणि... जुळत असेल तर?"

दोरीची गाठ त्याच्या बोटांत अडकली. "तर कारखान्यात कशाला? थेट कोसाडला येतो. आबांना भेटायला."

 ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. त्यानं खोका उचलून छातीशी धरला आणि दारापाशी वळला.

"निघतो, धनश्री..."

ती पुढच्या 'बेन'ची वाट बघत थांबली. तो आलाच नाही.

"पुढचं राहिलं तुझं," ती म्हणाली.

"राहिलं नाही. सोडलं."