जिचं उत्तर तिनंच द्यायचं

"बायकोला काय इचारता, मला इचारा की! तिच्या मनातलं तिच्यापेक्षा मला जास्त माहीत."

तातेराव ओसरीवरच्या बाजेवर मांडी घालून बसले होते आणि त्यांची बायको नीलाबाई दारात उभी राहून नुसती हसत होती. जान्हवीनं हातातल्या फॉर्मकडं पाहिलं. शिरड शहापुरातलं हे सकाळपासूनचं चौथं घर, आणि चौथ्याही घरी तेच! हिंगोलीच्या कॉलेजात ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मानसशास्त्र शिकत होती. 'स्त्रिया आणि लिंगभाव' या पेपरच्या प्रकल्पासाठी तिला वीस बायकांच्या मुलाखती हव्या होत्या. प्रेमा मॅडमनी वर्गात ठणकावून सांगितलं होतं, उत्तर जिचं तिनंच द्यायचं. नवरा, सासू, कुणीही शेजारी बसलं की तो फॉर्म बाद! पंधरा दिवस उरले होते. पेपर गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की घरात एम.ए.चं नावसुद्धा काढायची सोय नव्हती.

"काकूंना राग कधी येतो?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"हिला? हिला राग येतच न्हाई."

नीलाबाई आत गेल्या आणि आतून पातेलं जरा जास्तच जोरात आपटल्याचा आवाज आला.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. उन्हानं रापलेला, उंचापुरा एक पोरगा उतरला. एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात पिशव्यांचा गठ्ठा.

"रामराम काका. मी नचिकेत. वारंगा फाट्यावरच्या माती तपासायच्या लॅबमधून आलो. हरभरा निघाला ना? नमुने घ्यायचेत. तुमी फक्त बांध दाखवा."

"किती येळ लागंल?"

नचिकेतनं जान्हवीकडं पाहिलं. कोरा फॉर्म, रडकुंडीला आलेला चेहरा... गडी काय समजायचं ते समजला.

"तासभर तर लागतेच काका. नमुना बराबर घ्यायचा म्हणजे घाई चालत न्हाई."

जाता जाता त्यानं तिच्याकडं बघून भुवया उडवल्या. बस्स, तेवढंच! आणि जान्हवीच्या काळजात लक्कन् हललं.

तातेराव वेशीपार जाताच नीलाबाई तिच्या पुढ्यात येऊन बसल्या. "राग म्हणलीस ना बाई? बस अशी जवळ. किती कागद हायेत तुझ्यापाशी?"

तासाभरानं जान्हवी बाहेर आली तेव्हा नचिकेत मोटारसायकलला पिशव्या बांधत होता.

"तुमी मुद्दाम वेळ लावला," ती म्हणाली.

"मुद्दाम कशाला? आठ खड्ड्यांत भागतं, आज पंधरा घेतले. जमीन मोठी होती."

"किती?"

"...दोन एकर." तो हसला. "उद्या पलीकडच्या वाडीत येऊन राहिलो मी. दहा वाजता. सहज सांगून ठेवतो."

मग काय! नचिकेत नवऱ्यांना रानात न्यायचा आणि जान्हवी त्यांच्या बायकांशी बोलायची. गावोगाव हळद शिजत होती, सगळ्या रस्त्यांना तिचा वास. तो तिला दाखवायचा, वरचा काडीकचरा खरवडून टाकायचा, वीतभर खाली जायचं, तिथली माती खरी. ती सांगायची, बायकांचं पहिलं उत्तर लोकांसाठी असतं, जरा थांबलं की मग खरं येतं. बोलता बोलता चहा निवायचा, आणि निवलेला चहा दोघंही चवीनं प्यायचे. याला काय म्हणतात ते मानसशास्त्राच्या पोरीला कळत नव्हतं थोडंच?

"मला बी एक प्रश्न विचारा की तुमच्या फॉर्मातला," एकदा फाट्यावरच्या टपरीत तो म्हणाला.

"बघा हं. तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?"

"आई," तो पटकन म्हणाला, आणि ओठाला लावलेला कप त्यानं खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाला, "काल मी शेवटी जेवलो. आई घाबरली ना! कपाळाला हात लावून बघितला, ताप आला की काय म्हणून."

जान्हवी हसता हसता थांबली. हाच, तिच्या मनानं म्हटलं. हाच तो. विसावा फॉर्म झाला की त्याला सांगायचंच, असं तिनं ठरवून टाकलं.

विसावा फॉर्म झाला. त्याच संध्याकाळी ती घरी पोचली, तर तहसीलमध्ये कारकून असलेले तिचे बाबा, सूर्यकांतराव, खुशीत बसलेले.

"शिरडचे तातेराव आले होते. फाट्यावरच्या लॅबमधल्या पोराचं स्थळ सुचवून गेले. पोराचाच निरोप होता म्हणे. मी विचार करून कळवतो म्हटलं."

आनंदानं नाचावं की डोकं आपटून घ्यावं? रात्रभर तिला दोन्ही वाटत राहिलं. सकाळी पहिली नांदेड गाडी धरून ती वारंगा फाट्यावर उतरली आणि तडक लॅबमध्ये शिरली.

"तातेरावांना काहून पाठवलंस?"

नचिकेत मातीच्या पुड्यांमधून ताडकन उठला. "स्थळ... मोठ्या माणसाकडूनच घालतेत ना..."

"वीस बायकांना बोलता यावं म्हणून तू त्यांचे नवरे रानात नेलेस. आणि माझी पाळी आली तर माझ्या बापाला विचारलंस! मी काय मुकी आहे?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलो मी. भ्यालो होतो. बाबांनी न्हाई म्हणलं असतं तर वाटलं असतं, बाप आडवा आला. पण तूच न्हाई म्हणली असतीस तर... मग मी काय करू?"

तिचा राग निम्मा तिथंच विरघळला. पण तिनं तसं दाखवलं नाही.

"मग आता मला विचार."

त्यानं मातीचे हात पॅन्टला पुसले. "जान्हवी... मला तू लई आवडतीस. माझ्याशी लग्न करशील?"

"एम.ए.ला दोन वर्षं बाहेरगावी जाणार आहे मी."

"जा की. मी कुठं पळून चाललोय?"

"मग हो," ती म्हणाली. आणि इतका वेळ धरून ठेवलेलं हसू तिला आवरेचना. "हो, हो, हो!"

संध्याकाळी बाबा फोन घेऊन बसले होते. "चार दिवसांनी कळवतो म्हणून तातेरावांना सांगून टाकतो."

"नका सांगू, बाबा. मी नचिकेतला उत्तर देऊन आले." तिचा आवाज ठाम होता. "हो म्हणाले. आधी एम.ए., मग लग्न. तुमची परवानगी नाही, तुमचं मत विचारते आहे."

सूर्यकांतरावांनी फोन खाली ठेवला. रागवावं तर पोरगी खोटं काही बोलत नव्हती. शेवटी त्यांनी स्वयंपाकघराकडं मान वळवली आणि पंचवीस वर्षांच्या संसारात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"अगं, ऐकलंस का? तुला काय वाटतं?"

जान्हवीची आई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. नवऱ्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं.

"माझं हो आहे," ती म्हणाली. "आता तुमचं सांगा."