वाकलेला रॉड

दोर तुटला तो नेमका शांतिनाथ इंजिन वर्क्सच्या दारात.

पुढं शेजारच्या आकारामकाकांचा ट्रॅक्टर, मागं जुनी डिझेल जीप, आणि जीपच्या स्टेअरिंगवर क्रांती. अशी ही वरात उद्यमनगरातून भंगारवाल्याकडं निघाली होती. जीपला इंजिन होतं, पण ते मेलेलं. ब्रेक होते, पण नावाला. दोर तुटल्याबरोबर गाडी उताराला लागली आणि गॅरेजच्या दारातली एक बादली चेपून उभी राहिली. मागं उसाच्या ट्रॉल्या अडकल्या. हॉर्नचा नुसता कालवा झाला.

"ओ पावणं, बादलीनं काय घोडं मारलंतं तुमचं?"

आतून आवाज आला आणि आवाजामागून माणूस. उंच, सडपातळ, कपाळाला ग्रीसचा पट्टा. 'पावणं' म्हणून ज्याला झापायचं ते पावणं म्हणजे एक पोरगी, आणि तीही डोळे पुसत बसलेली, हे बघितल्यावर गडी जरा गडबडला.

"बादली भरून देतो," क्रांती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी 'देते' म्हणत नाहीत, 'देतो' म्हणतात. आणि त्या तसं म्हणाल्या की समोरच्यानं वाद घालायचा नसतो.

"ऱ्हाऊ दे बादली. ही कुठं चाललीया?"

"भंगारात."

"ही?" तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. खाली वाकून चासी बघितली, बॉनेटवर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. "चारी चाकं ओढणारी गाडी हाय ही. सेन्सर न्हाय, कॉम्प्युटर न्हाय. चिखलातनं, ओढ्यातनं कुठनंबी जाईल. इंजिन बसलंय, एवढंच न्हवं?"

"एवढंच..." क्रांती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

एवढंच नव्हतं.

दोन पावसाळ्यांपूर्वी पंचगंगेचं पाणी कुरणवाडीत शिरलं होतं. सकाळी म्हशीपुढं वैरण टाकताना क्रांतीच्या आईला पान लागलं, साप चावला. पुरात साप असेच कोरडी जागा धरून बसतात, वैरणीत, चुलीमागं, कुठंही. आण्णांनी, म्हणजे क्रांतीच्या वडलांनी, जीप काढली. मागच्या बाकावर क्रांती आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पाणी आधी चाकाला, मग दिव्यांना लागलं, आणि ओढ्याजवळ गाडी खोकून बंद पडली.

आता त्या जीपची बॅटरी कायमची अशक्त. आकारामकाकांनी ट्रॅक्टरनं ओढायची, आण्णांनी गिअर टाकून क्लच सोडायचा, की गाडी चालू. अख्ख्या कुरणवाडीला हीच रीत माहीत. त्या दिवशीही मागून येणारा काकांचा ट्रॅक्टर पुढं आला, दोर बांधला, आण्णांनी क्लच सोडला... आणि चाकंच जाम झाली. गाडी पुढंही जाईना, मागंही. शेवटी छातीभर पाण्यातून आईला उचलून ट्रॅक्टरवर घेतलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेव्हापासून जीप शेडमध्ये आणि आण्णा शेडसमोर. अर्धी भाकरी खायची आणि गाडीकडं बघत बसायचं. काल एकाएकी म्हणाले, "घाल जा भंगारात." आणि आज दोर तुटला होता.

हे सगळं ती त्या अनोळखी माणसाला बोलली नाही. फक्त विचारलं, "पाण्यातनं जाईल अशी करता येईल?"

"करतो की."

"गावात परत पाणी आलं, कुणाला काय झालं, तर मधीच बंद पडायला नको."

"आत या," तो म्हणाला. "मी अनेकांत. शांतिनाथ माझे आजोबा. बादली त्यांचीच."

उद्यमनगर सोमवारी बंद. क्रांती गावच्या दूध संस्थेत कामाला, तिचीही सुट्टी सोमवारचीच. तर अनेकांत म्हणाला, सोमवारी या, शटर अर्धं उघडं ठेवतो. हाताखालची माणसं त्या दिवशी नसतात, हे त्याच्या लक्षात आलंच नसेल असं मानायला मी काही दुधखुळा नाही.

पहिल्याच सोमवारी इंजिन खोललं. क्रांती स्टुलावर बसून बघत होती. अनेकांतनं पिस्टनला जोडलेला एक लोखंडी रॉड बाहेर काढला, चिंधीनं पुसला, उजेडात धरला. हाताच्या कोपरात असावा तसा मधोमध वाक.

"कुणी केलं हे शहाणपण?" तो आपल्याच नादात बोलत सुटला. "पाणी पिऊन बंद पडली हुती, बरोबर? तवर इंजिन धड हुतं. डिझेलचे नोझल काढून इंजिन नुसतं फिरवलं असतं तर पाणी बाहेर फेकलं असतं, गाडी चालू झाली असती. ह्या बहाद्दरानं पोटात पाणी असताना ओढून चालू करायला बघितलं. पाणी काय हवेगत दाबलं जात न्हाय, वाकणारच की रॉड."

बोलता बोलता त्यानं मान वर केली. क्रांतीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्यो बहाद्दर माझा बाप," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगितलं.

अनेकांतनं रॉड टेबलावर ठेवला. ठेवतानाही आवाज होऊ नये असा ठेवला. "माझ्या तोंडाला आग लागो," तो म्हणाला.

त्यानंतरचे सोमवार मात्र चांगले गेले. मेलेल्या आईच्या गाडीपाशी बसून पोरगी हसायला लागली, हे कुणाला बरं वाटो न वाटो, झालं खरं. इंजिन नव्यानं बांधलं. हवा घ्यायची नळी बॉनेटमधून काढून टपापर्यंत उंच नेली, पाणी काचेला लागलं तरी इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून. गिअरबॉक्सच्या आणि ॲक्सलच्या हवेच्या बारक्या नळ्याही वर नेऊन बांधल्या. पॉवर ब्रेक बसवले. आणि बॅटरी नवी, दणदणीत.

"आता ही कुणी ओढायची न्हाय," अनेकांत म्हणाला. "किल्ली फिरवायची की चालू."

"आणि न्हाय झाली तर?"

"मला फोन करायचा."

"पाण्यात उभं राहून?"

"मग काय... मी पवत यीन."

ती दशमी आणि चटणी घेऊन यायची. पहिल्या वेळी त्यानं चटणी बाजूला सारली, लाजत म्हणाला, "लसूण... आमच्यात चालत न्हाय." पुढच्या सोमवारी डब्यात बिनलसणाची चटणी होती. त्यानं एक घास खाल्ला, तिच्याकडं बघितलं आणि पाणी प्यायला उठून गेला. तिखट काही नव्हती ती.

एकदा ती जीपखाली वाकून नळी धरून होती आणि तो पलीकडून क्लिप आवळत होता. मधे फक्त एक ॲक्सल. "हात थरथरतोय तुमचा," ती म्हणाली.

"पाना जड हाय."

"व्हय... दहा नंबरचा पाना लई जड असतोय."

पण घरी गेलं की शेडसमोर आण्णा होते. गाडी भंगारात न घालता दुरुस्तीला टाकल्याचं क्रांतीनं त्यांना सांगितलं होतं. रिकाम्या शेडकडंही ते तसेच बघत बसायचे. अंगावर सदरा लोंबायला लागला होता. एके संध्याकाळी त्यांनी विचारलं, "इंजिन खोललं?"

"व्हय."

"रॉड कधी वाकला म्हणतोय मिस्त्री? पाणी शिरलं तवाच, का मी वढल्यावर?"

"विचारून सांगतो," एवढं बोलून ती आत गेली आणि चुलीपुढं रडली.

पुढच्या सोमवारी तिनं डबा उघडायच्या आधीच सांगितलं, "आण्णा विचारतील तवा सांगायचं, रॉड आधीच वाकला हुता. पाणी शिरलं तवाच. त्यांनी वढलं म्हणून काय झालं न्हाय."

अनेकांतनं हात पुसले. "ते खोटं हाय."

"मला म्हाईत हाय."

"मी काय हरिश्चंद्र न्हाय. गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' रोज सांगतो. पण मेलेल्या माणसाबद्दल... आणि त्यांच्या तोंडावर..." तो अडखळला. "मला जमायचं न्हाय, क्रांती. उद्या त्यांना कळलं तर माझ्याबरोबर तुझंबी तोंड बघणार न्हाईत."

"आई गेली. आता बाप चाललाय माझा, रोज थोडा थोडा. तुमचं खरं घेऊन मी काय करू? चटणीबरोबर खाऊ?"

ती डबा तिथंच टाकून निघून गेली. पुढचे काही सोमवार शटर अर्धं उघडं राहिलं आणि आत कुणी आलं नाही. अनेकांतनं गाडीला रंग दिला. दिलेला रंग घासून परत दिला. त्याची आई चंदनाबाई म्हणाली, "अरे, त्या गाडीचं लगीन लावतोस का काय?" तेव्हा तो जेवणावरून उठून गेला.

वळवाचे ढग यायला लागले तेव्हा गाडी न्यायला क्रांती आली, आणि तिच्याबरोबर आण्णा आले.

धोतर, टोपी, हातात काठी. गाडीभोवती फिरले. उंच नळीला हात लावून म्हणाले, "हे नळकांडं तवा असतं तर..." आणि तिथंच थांबले. मग अनेकांतपुढं येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, एक इचारायचं हाय. माझ्या मालकिणीचा जीव गेलाय ह्या गाडीत. रॉड कधी वाकला?"

क्रांती शटरला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली होती. तिच्या हातात डबा होता, तो तिनं घट्ट धरला होता. काही मागायचं नाही असं ठरवून आलेली पोरगी ती, पण तिचं सगळं अंग मागत होतं.

अनेकांत एक पाना पुसत होता. पुसलेलाच परत पुसत होता.

"पाणी शिरलं तवाच वाकला, आण्णा," तो क्रांतीकडं बघत म्हणाला. "तुम्ही वढली नसती तरी ती गाडी चालू झाली नसती. तुमचा... तुमचा काय दोष न्हाय त्यात."

आण्णा त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "रॉड हाय का अजून? दे मला."

रॉड घेऊन ते थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. क्रांती पलीकडच्या दाराकडं निघाली, तेव्हा अनेकांत तिच्या वाटेत उभा होता. चेहरा आजारी माणसासारखा.

"तुम्ही बोललात," ती हळूच म्हणाली.

"तुझ्यासाठी बोललो. दुसऱ्या कुणासाठी बोललो नसतो... माझ्या आईसाठीबी न्हाय." त्यानं मान वळवली. "जा आता. मला परत ते बोलायला लावू नको."

तिनं डबा त्याच्या हातात दिला आणि गाडीत बसली. आण्णांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली, कुणाला ओढावी लागली नाही.

कुरणवाडीच्या वाटेवर ओढा कोरडा होता. त्या जागी आण्णांनी गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. रॉड मांडीवर होता.

"हितंच," ते म्हणाले.

"आण्णा, चला घरी."

"दोर बांधला, ट्रॅक्टर निघाला, तवर चाकं फिरत हुती. मी क्लच सोडला आणि पायाखाली ठक् झालं. मला पायाला कळलं. कुणाला बोललो न्हाय मी ते, आजपातूर." त्यांनी वाकलेल्या रॉडवरून अंगठा फिरवला. "जल्मभर गाडी चालवलीया पोरी. मला कळत न्हाय व्हय, कधी वाकला ते?"

क्रांतीला वाटलं, आता सगळंच गेलं. बाप गेला आणि तो पण गेला. ती पदरात तोंड घालून रडायला लागली. "मीच सांगितलंतं त्यांना. त्यांचा काय दोष न्हाय, आण्णा."

"ते बी कळलं. मी इचारलं आणि त्यो तुझ्याकडं बघून बोलला." आण्णांनी टोपी काढून बाजूला ठेवली. "लई वाईट खोटं बोलतंय पोरगं. सवय न्हाय त्येला. असल्यानं खोटं बोलायचं म्हंजे... त्येच्या जिवाला किती लागलं आसंल."

डोळे त्यांनी पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"माझं मी बघीन," ते म्हणाले. "ते माझ्याबरोबरच जायचं. पर त्येला सांग, आण्णांनी खरं मानलं म्हणून. एवढं खोटं मीबी बोलतो."

आणि गिअर टाकता टाकता म्हणाले, "सोमवारी जेवायला बोलव त्येला. चटणीत लसूण घालू नको."

गाडी कोरड्या ओढ्यातून वर चढली. घरी पोचेपर्यंत रॉड आण्णांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.