अळणी वाटी

"नाही...! सुई नको! एकदाचं काय ते कापून टाका!" ताई डॉक्टरांना म्हणाली. सुई टोचली की गाठ चिडते, अंगभर पसरते, हे माहेरी ऐकलेलं तिच्या मनात घट्ट बसलं होतं.

"अहो, कॅन्सरसारख्याच दिसणाऱ्या काही साध्या गाठी असतात," डॉक्टर पुन्हा समजावू लागले. "स्कॅनमध्ये फरक कळत नाही, तुकडा तपासावा लागतो. सुईनं गाठ पसरणं फारच क्वचित घडतं. आणि ही अशी मधोमध आहे, की काढायची तर अख्खी किडनी जाईल. दुसरी आहे कुठे तुम्हाला?"

दुसरी धाकट्या भावाच्या पोटात होती! जिवावर उदार होऊन तिनेच दिलेली... आणि तो मात्र बरा होताच एके दिवशी भरल्या ताटावरून उठून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. का, ते तिला आजवर उमगलं नव्हतं. तरी भाजीत मीठ घालण्याआधी त्याच्यासाठी एक अळणी वाटी बाजूला काढायची तिच्या हाताची सवय काही सुटली नव्हती. 'अळणीच खाल्लं त्यानं, मिठाला जागणार कसा?' असं स्वतःशीच हसत, डोळे पुसत ती वाटी तीच संपवी.

दार उघडलं. धाकटा! मागे खाली मान घातलेला तिचा नवरा.

"मीच बोलावलं त्याला," नवरा अडखळत म्हणाला. "आणि घालवलाही मीच होता... 'माझ्या बायकोच्या जिवावर जगतोस' म्हणालो होतो. तुला सांगायचा धीर झाला नाही गं."

ताईच्या अंतःकरणात काहीतरी तटकन तुटलं. इतकी वर्षं... एका वाक्यापायी!

धाकट्याने तिचे पाय धरले. "ताई, माझी काढून तुला परत देता येत नाही गं! निदान तुझी तरी वाचू दे. घे ना सुई टोचून... माझ्यासाठी!"

सुई टोचून घ्यायला ती पालथी झोपली. त्याचा हात तिने सोडला नाही.

तुकड्यातल्या पेशीही कॅन्सर आणि साधी गाठ, दोन्हींसारख्याच दिसल्या. वेगळे रंग देऊन पुन्हा तपासावं लागलं. तोवर घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. अखेर डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे. किडनी काढायची नाही, अधूनमधून स्कॅन करत राहू."

त्या दुपारी अळणी वाटी नवऱ्याने स्वतः धाकट्यापुढे सरकवली.

"जेव," ताई म्हणाली, "आणि पुन्हा ताटावरून उठलास तर बघ!"

धाकटा रडत रडत जेवला, आणि वाटी पुसून घेतल्यावरच उठला.