कोऱ्या पुठ्ठ्यावरचा डाव

चनमल्लप्पा पंचाक्षरी होटगीकर, वय वर्षे एकोणसाठ, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर. चादरीच्या नक्षीसाठी मागाच्या पुठ्ठ्यांना भोके पाडण्यात हयात गेलेली. शाळा चौथीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयातल्या पुस्तकांवर स्वतःच करून घेतलेले. १९७४ च्या मार्गशीर्षात त्यांनी फुली-गोळा खेळणारे यंत्र पुरे केले, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

मागावरून टाकून दिलेले पुठ्ठे, छत्रीच्या काड्यांच्या सुया, तांब्याचा पत्रा, सेल आणि सायकलचे नऊ दिवे, एवढाच त्याचा संसार. समोरच्याच्या प्रत्येक खेळीला एक पुठ्ठा; त्याला भोक असेल तेथे सुई पत्र्याला टेके आणि त्या घराचा दिवा लागे. भोक नसेल तेथे दिवा लागणे अशक्य.

दिवे दिले होते सात रस्त्यावरच्या कासीम सायकलवाल्याने. दोघे रोज दुपारी पाटीवर हाच खेळ खेळत. चनमल्लप्पांनी मधले घर घेतले, की कासीम हटकून उजव्या कडेच्या मधल्या घरात गोळा टाकी. शहाणा माणूस तेथे कधी जाणार नाही.

"येड्यासारखा खेळतोस बघ."

"व्हय की, अप्पा. पण समोरचा हसतो, अन् हसणारा हरतो. माज्या डावाचंबी एक भोक पाडा की पुठ्ठ्याला!"

"माझं यंत्र येडेपणा करणार न्हाई."

भोक पाडले गेले नाही. दिवाळीनंतर कासीम तापाने गेला.

गड्ड्याच्या जत्रेतील प्रदर्शनात यंत्राला जागा द्यावी की नाही, हे पाहण्यासाठी इंजिनिअर मानसिंग एका दुपारी घरी आले. अट एकच होती: यंत्र हरले, तर जागा नाही. शेजारचे माग जेवणाच्या सुट्टीत थांबले होते, त्यामुळे गल्लीत शांतता होती.

"छत्रीच्या काड्या?" मानसिंग मोठ्याने हसले. "ह्या खेळणार माझ्याशी?"

त्यांनी मधल्या घरात फुली मांडली आणि त्या खेळीचा पुठ्ठा स्वतःच्या हाताने सुयांखाली सरकवला. कोपऱ्यातला दिवा लागायला हवा होता.

लागला उजव्या कडेचा मधला.

चनमल्लप्पांनी वाकून पाहिले; पुठ्ठ्याला त्या घराचे भोक नव्हते. खोलीत पंक्चर काढण्याच्या सोल्यूशनचा उग्र वास पसरत होता. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची पत्नी काशम्मा दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो... दाराशी सायकलची घंटी वाजली की. कोण आलंय?"

दाराशी कोणीच नव्हते.

"होटगीकर, यंत्राचं डोकं फिरलं तुमच्या!" मानसिंगांनी हसतच खालच्या डाव्या कोपऱ्यात फुली मांडली. "आता कुठला पुठ्ठा?"

"ह्या डावाचा... पाडलेलाच न्हाई. पुढचा पुठ्ठा कोरा आहे."

"मग कोराच घेऊ!"

कोरा पुठ्ठा सुयांखाली गेला. एकही भोक नसताना वरच्या उजव्या कोपऱ्यात दिवा उजळला. मानसिंगांना त्यात नवल वाटले नाही. त्यांना फक्त स्वतःचा डाव दिसत होता. वरच्या डाव्या कोपऱ्यात फुली मांडून त्यांनी टाळी वाजवली. "दोन बाजूंनी अडकलं! कुठं कुठं अडवाल?"

पुठ्ठा कोणीही सरकवला नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यातला दिवा सावकाश लागला, आणि उजवी कड वरपासून खालपर्यंत पेटली. यंत्र जिंकले होते.

मानसिंगांचे हसू ओठांवरच राहिले. "हे... खेळलं कोण?"

चनमल्लप्पा ताठ उभे राहिले. "यंत्र माझं आहे," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "डाव... कासीमचा."

त्यांनी सेल काढून टाकले. दिवे विझले, पण उजव्या कडेचा मधला दिवा बऱ्याच वेळाने विझला.

यंत्राला जत्रेत जागा मिळाली. यंत्रावरच्या नावाच्या पाटीवर चनमल्लप्पांचे नाव आधीच रंगवलेले होते. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने कासीमचे घातले. पुठ्ठ्याला भोक मात्र पाडले नाही, पाडण्याची गरजही उरली नाही. एरवी यंत्र शहाण्यासारखेच खेळते. समोरचा हसला, की तोच दिवा लागतो.